घे, सोड, थांब

१ जुलै, मंगळवार
पाऊस. अंगणात दोरीचं खेळणं काढलं. टिपरी, वडिलांची, म्हणजे आबांची, माझ्याकडे आलेली कुत्री, आधी दोरीला, मग माझ्या बाहीला, मग ओढणीला. हाक मारली, कानसुद्धा हलला नाही. बुबुळं काळी, पसरलेली.

२ जुलै
लेकीचा रेनकोट फाटला. खांद्यापासून खिशापर्यंत. ती फाटकातून धावत आत आली, एवढंच घडलं.
कातडीला दात लागलेला नाही. टिपरी माणसाला धरत नाही. जे फडफडतं ते धरते.

४ जुलै, शुक्रवार
खाऊ कसा घेते त्यावरून तिची अवस्था कळते. शांत असली की भाकरीचा तुकडा ओठांनी उचलते. खेळ चढला की बोटांना दात लागतात. त्याहून चढला की तुकडा तोंडात जातो, खाली पडतो, आणि तिला पत्ताही नसतो. तिसरी वेळ येण्याआधी खेळ थांबवायचा. पान दुमडून ठेवलं.

६ जुलै, आषाढी एकादशी
आबांचा फोन. खुब्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले. वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जातात. आवाज बारीक झालाय. पहिलाच प्रश्न: “बाई, टिपरी काय करायलीय?”
मागून दादा: “आबा, आधी गोळी घ्या.”

७ जुलै
दादाचा वेगळा फोन. आबा नसताना.
“कुणाला देऊन टाकतीस का बघ तिला. आबा तिच्यापायी पडले.”
“आबा म्हणतात पाय घसरला.”
“आबा म्हणणारच.”
बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. फोनही ठेवला नाही.

९ जुलै
अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं वर गेलो. दाट धुकं. चार पावलांपलीकडचं दिसेना. टिपरी पूर्ण वेळ माझ्याजवळ. नाक खाली, शेपटी सैल. हाकेसरशी वळत होती. खाऊ ओठांनी.
खाली उतरलो, धुकं विरलं. लांब एका घराच्या गच्चीवर चादर वाळत होती. टिपरी गेली. म्हणजे अंगानं माझ्याशेजारीच होती.

११ जुलै
वाचलं. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या डोळ्यांचे पडदे तपासले. लांब नाकाच्या कुत्र्यांत पाहण्याच्या पेशी आडव्या पट्टीत दाटलेल्या. बसक्या नाकाच्या कुत्र्यांत त्या मधोमध गोळा झालेल्या.
टिपरीचं नाक लांब, निमुळतं. उदगीरकडची कारवानी. आबा म्हणायचे, कारवान्याचा डोळा पुढं चालतो, नाक मागून येतं. तरुणपणी माळावर त्यांनी या कुत्र्यांना धावताना पाहिलंय. तेव्हा लोक सशामागे सोडायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं. डोळा बंद झाला नाही.
क्षितिजावर काही हललं की तिला ते आधी दिसतं. माझ्याकडे बघायला तिच्याजवळ काही कारण हवं.

१३ जुलै, रविवार
कारण तयार केलं. बांबूची काठी, तिला सुती दोर, दोराच्या टोकाला जुन्या घोंगडीचा तुकडा. लेकीनं गाठी मारल्या.
नियम: तुकडा जमिनीलगतच फिरवायचा. उंच नाही, उडी नाही. टिपरीला वर्ष होऊन थोडेच दिवस झालेत, सांधे जपायचे. एकदम गिरकीही नाही. मोठं वर्तुळ. ओल्या फरशीवर अजिबात नाही.

१४ जुलै
तुकडा तिच्याकडे सरकवला. तिनं नुसता हुंगला. तिच्यापासून लांब पळवला. टिपरी पेटली.
शिकार कधी तोंडाकडे पळत येत नाही. तिला ते कुणी शिकवलं नाही.

१५ जुलै
रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची साखळी मांडली आहे. टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. माणसानं कुत्र्यांची पैदास करताना कुठल्या जातीत कुठली कडी ठळक केली, कुठली पुसट. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक आणि दबा. टिपरीत पाठलाग.
म्हणजे भाकरी, कलेजी हे तिचं दुय्यम वेतन. खरं वेतन धावणं.
डेव्हिड प्रेमॅक, १९५९: जे काम जास्त हवंसं, ते कमी हवंशा कामाचं बक्षीस होतं. माझ्याकडे पाहणं हे कमी हवंसं. घोंगडीमागे धावणं हे जास्त. दोन्ही जोडायची.

१६ जुलै
काठी स्थिर धरली. तुकडा जमिनीवर, निपचित. टिपरीनं ओढलं, भुंकली, बसली, पुन्हा भुंकली, काठीभोवती फिरली. मी गप्प. हात पोटाशी. पाऊस मानेवरून आत जात होता.
मग तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलं. क्षणभर.
“घे!”
तुकडा पळाला, टिपरी मागून.

१७ जुलै
पुन्हा बघितलं. पुन्हा “घे”.

१९ जुलै
शेजारच्या काकू कुंपणापाशी. “दोरी ओढू देऊ नकोस गं. जिंकायची सवय लागली की कुत्रं डोक्यावर बसतं.” त्यांच्या माहेरी अल्सेशियन होता, त्याच्या अनुभवावरून सांगत होत्या. काळजीनं सांगत होत्या.
२००२ सालचा प्रयोग त्यांना सांगितला. इंग्लंडमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर घेतले. दोरी ओढण्याच्या खेळात कधी कुत्र्याला जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकल्यानं कुत्री वरचढ झाली नाहीत.
मग टिपरीच्या तोंडात दोरी सोडून दिली. अंगणात एक फेरी मारून ती परत आली आणि दोरी माझ्या गुडघ्याला टेकवली. जिंकलेली वस्तू घेऊन पळून जायचं नसतं तिला. समोर ओढणारं कुणीतरी हवं असतं.

२१ जुलै, सोमवार
“सोड” सुरू. दोरी ओढता ओढता हात मांडीला घट्ट टेकवायचा. ओढणं बंद. हिसका नाही, ओरडणं नाही, जबड्यात बोटं घालणं नाही. दोरी मेली. टिपरी जरा वेळ एकटीच ओढते, मग तिची पकड ढिली होते. तोंड सुटलं की लगेच “घे”, दोरी पुन्हा जिवंत.
सोडलं की खेळ जातो असं तिला आजवर वाटत होतं. सोडलं की खेळ येतो, हे कळायला हवं.
शब्द नंतर. आधी क्रिया जमू दे.

२२ जुलै
शेजारचा मुलगा लेझरचा लाल ठिपका घेऊन आला. भिंतीवर नाचवायचा होता. नको म्हटलं. ठिपका कधी दातात येत नाही. पाठलाग होतो, पकड कधीच नाही. अशी कुत्री पुढे सावल्यांमागे, भांड्याच्या कवडशांमागे लागू शकतात. त्याला काठी दिली. खूश झाला.

२४ जुलै
दिवसभर धो धो. टिपरी या खोलीतून त्या खोलीत. उशीचा अभ्रा, पायपुसणं, पडदा. दुपारी तिच्याजवळ चटई टाकून आडवी झाले. ती कुरकुरत बसली, मग झोपली. पाच वाजेपर्यंत उठली नाही. उठली ती वेगळीच कुत्री. ओठांनी खाऊ.
जिला आम्ही मस्ती म्हणत होतो त्यात किती झोप तुंबलेली होती.

२७ जुलै, रविवार
वहिनीचा फोन. हळू आवाजात.
“आबा परसात धोतर झटकत होते. वारं होतं. सोगा उडाला. ती लांब होती, नळापाशी. तिथून आली.”
थोडं थांबून: “ह्यांना सांगू नका मी बोलले. आबांनी शपथ घातलीय.”

रात्री
धोतर. रेनकोट. ओढणी. गच्चीवरची चादर.

२८ जुलै
घोंगडीचा तुकडा हातात घेऊन बसले. टिपरी बघत होती. तो जरा हलवला, तिचं अंग ताणलं.
तिच्या लेखी खेळ हलण्यानं सुरू होतो. जे हललं त्यानं बोलावलं. आबांच्या सोग्यानं बोलावलं, ती गेली.
खेळ शब्दानं सुरू व्हायला हवा. हललं तरी नाही, पळालं तरी नाही. “घे” आला तर आणि तरच.
इथून पुढे सगळं याभोवती.

३१ जुलै
अंगणाच्या त्या टोकाला लेक, हातात जुनी ओढणी. या टोकाला टिपरी आणि मी, लांब दोर कमरेला. लेकीनं ओढणीचं फक्त टोक हलवलं. टिपरी उभी राहिली, थरथरली. ओढणी थांबली. टिपरीनं माझ्याकडे पाहिलं. “घे”, आणि घोंगडी माझ्या बाजूला पळाली. ओढणीच्या उलट दिशेला.
तिला ओढणीपासून तोडायचं नाही. ओढणी दिसली की माझ्याकडे काहीतरी घडतं, एवढं तिला कळू दे.

१ ऑगस्ट
ओढणी थोडी जास्त हलली. टिपरी निसटली. दोर होता.
अंतर वाढवलं. जमलं.
शब्द तोच, कुत्री तीच. अंतर बदललं की सगळं बदलतं.

३ ऑगस्ट
लेक उत्साहात ओरडते, “टिपरी टिपरी टिपरी, बघ बघ!” टिपरीचे दात लगेच बोटांना.
२०१५ सालचा एक अभ्यास लेकीला वाचून दाखवला. एमिली ब्रे, इव्हान मॅकलीन, ब्रायन हेअर. पारदर्शक नळकांड्यात खाऊ ठेवायचा. समोर दिसतो, पण समोरून मिळत नाही, वळसा घालून बाजूनं तोंड घालायचं. काही वेळा शांतपणे बोलावलं, काही वेळा उंच, उत्तेजित आवाजात. मदतनीस कामासाठी वाढवलेली शांत कुत्री उत्तेजनानं सुधारली. घरची, आधीच चढलेली कुत्री बिघडली. सरळ नळकांड्यावर धडकली.
लेक म्हणाली, “मग मी शांत बोलले तर ती हुशार होईल?”
“ती हुशार आहेच. तिला हुशारी वापरायला जागा होईल.”
संध्याकाळी लेक खालच्या आवाजात, एकेक शब्द सावकाश. “टिपरी. थांब.” टिपरी थांबली. लेकीचा चेहरा बघण्यासारखा.

६ ऑगस्ट
लाल चेंडू गवतात हरवला. टिपरी त्याच्यावरून दोनदा गेली. कुत्र्यांच्या डोळ्यांत रंगांच्या पेशी दोनच प्रकारच्या. निळा, पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. लाल चेंडू तिला फक्त पळताना दिसतो. पडला की संपला. मग ती सैरभैर होते, आणि सैरभैर झाली की दुसरं काहीतरी फडफडणारं शोधते.
निळे चेंडू आणले. सारखे दोन. घशात अडकणार नाहीत इतके मोठे. एक टाकायचा, ती घेऊन आली की दुसरा हातात जिवंत होतो, पहिला आपोआप सुटतो. थोडाच वेळ. नुसतं फेक-आण, फेक-आण केलं तर ती थकत नाही, तापते.

९ ऑगस्ट, रक्षाबंधन
राखी पोचली. दादाचा फोन. आबा दिवाळीला साताऱ्याला यायचं म्हणतात. हट्ट धरलाय.
“मी आणीन. पण ती घरात नसली पाहिजे.”
“आबांना तिलाच बघायचंय, दादा.”
“मला आबांना चालताना बघायचंय.”
त्याला उत्तर द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हता. त्याचंही खरं आहे.

१० ऑगस्ट
यादी.
वॉकरचा आवाज.
धोतर, वाऱ्यात.
खांद्यावरचा टॉवेल. आबा तो सारखा झटकतात.
उंच खुर्ची. खुब्याचा सांधा बदललाय, खाली बसणं बंद. उठताना दोन्ही हातांवर भार.
रात्री बाथरूमला जाणं. अंधार, हळू पावलं.
काहीतरी हातातून पडणं.
यातलं प्रत्येक टिपरीला आधी भेटलं पाहिजे. आबा नसताना.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेच्या मैदानाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, चिंचेखाली उभ्या राहिलो. खांबावर झेंडा, पोरांच्या हातात कागदी झेंडे. सगळीकडे फडफड. टिपरीचे कान ताठ, पुढचा एक पाय उचललेला. मी काहीच बोलले नाही. खिशातली कलेजीही काढली नाही.
झेंड्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. झेंड्याकडे. माझ्याकडे.
दोरी पिशवीतच होती. तिथेच, झाडाखाली, खेळलो. चिखल उडाला. खादीच्या पोशाखातली सगळी मंडळी बघत होती.

१८ ऑगस्ट
वॉकर भाड्यानं आणला. फरशीवर टक, टक. टिपरी पलंगाखाली.
नुसता उभा करून ठेवला. भोवती भाकरीचे तुकडे पसरले. रात्री निघाली, हुंगून गेली.

२० ऑगस्ट
टिपरीचा उत्साह उतरलाय. मीही दमलेय. डेन्मार्कमधला २०११ सालचा प्रयोग: आठवड्यातून एकदोनदा शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा सरस ठरली. छोटे धडे लांब धड्यांपेक्षा बरे. शिकलेलं मुरायला मधे मोकळे दिवस लागतात.
उद्या धडा नाही. परवाही नाही. नुसतं हुंगत फिरणं, लांब दोर, ती नेईल तिकडे.

२३ ऑगस्ट
फिरताना तिनं गोगलगाय पाहिली. बराच वेळ. नाकानं.

२५ ऑगस्ट
सुट्टीनंतर “सोड” म्हटलं. शब्द संपायच्या आत तोंड उघडलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
माणसं, आरत्या, दार सारखं उघडं. टिपरी मागच्या खोलीत, चघळायला हाड. धडा नाही.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
ढोल. खिडक्या बंद. गोणपाटावर तिचे दाणे विखरून टाकले. हुंगायला लागली की श्वास खाली येतो. ढोल गल्लीतून गेला तेव्हा नाक वर आलं, मग पुन्हा खाली. गोणपाट आता तिची जागा झाली आहे. मी पसरलं की येऊन बसते.

१० सप्टेंबर, बुधवार
पोवई नाक्याजवळ. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईचा पदर उडत होता. टिपरी झेपावली. पट्टा हातात होता, गाठ मनगटावर. स्कूटर निघून गेली. बाईंनी मागे वळून बघितलं, चेहरा पांढरा पडला होता.
घरी येईपर्यंत टिपरी धापा टाकत होती.
खुब्याचं हाड. अठ्ठ्याहत्तर वर्षं.
दादाचं खरं असेल तर?

११ सप्टेंबर
झोप नाही. पहाटे टिपरी येऊन पायाशी बसली. तिला कालचं काही आठवत असेल असं वाटलं नाही. मला आठवत होतं ते पुरे.
स्कूटर. पदर जवळून, वेगानं, आवाजासकट. आम्ही केला तो सराव लांबून, सावकाश, शांततेत. यादीत आणखी एक ओळ: वेग.

१३ सप्टेंबर
वहिनीचं पार्सल. आबांचं धोतर. न धुतलेलं, मी सांगितलं तसं.
गाठोडं सोडलं. टिपरीनं नाक खुपसलं आणि हललीच नाही. शेपूट आधी सावकाश, मग जोरात. त्यात डोळ्यांचं काही काम नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार
लेकीनं आजोबांचं धोतर गुंडाळलं. वॉकर धरला. टक, टक, टक. पंखा पूर्ण वेगानं, सोगा उडतोय. टिपरी गोणपाटावर, पट्टा माझ्या पायाखाली.
थरथर. मग मान वळली. माझ्याकडे.
घोंगडी नाही दिली. दाणे गोणपाटावर विखरले. घरात धोतर दिसलं की नाक खाली. अंगणात घोंगडी दिसली, “घे” आला, की पळायचं. दोन जागा, दोन रीती.

१८ सप्टेंबर
आज लेक झपाझप चालली. मुद्दाम वॉकर आपटला. टिपरी उठली. बसली. स्वतःहून.

२३ सप्टेंबर, मंगळवार
मराठवाड्यात पाऊस थांबत नाही. दादाच्या शेतात गुडघाभर पाणी, सोयाबीन आडवं. त्याचा आवाज थकलेला. दिवाळीचा विषय मी काढला नाही. त्यानंच काढला.
“आबा रोज विचारतात.”
“तू ये. बघ. तुला नको वाटलं तर ती चार दिवस काकूंच्या घरी राहील. बोलणं झालंय.”
“बघू.”

२६ सप्टेंबर
आबांना पूर बघवत नाही. फोनवर टिपरीचंच विचारत राहिले. काठी कशी फिरवतेस, किती लांब, जमिनीला धरून की नाही. सगळं सांगितलं. “पायाला माती लागू दे, फरशीवर पळवू नको,” म्हणाले. बरोबर सांगितलं.

२ ऑक्टोबर, दसरा
चार भिंतींकडे गेलो. वारा. कुणाचीतरी साडी, कुणाचा फेटा, गाड्यांना बांधलेल्या झेंडूच्या माळा. पायऱ्यांवर गर्दी. टिपरी बघते आणि वळते. मी हाक मारत नाही. फडफडणं हीच आता माझ्याकडे बघायची खूण झाली आहे.
एक स्कूटर जवळून गेली. अंग ताणलं. मान वळली. उशिरा, पण वळली.

७ ऑक्टोबर
दादा: “वसुबारसेला निघतो. गाडी सावकाश आणीन. काकूंना सांगून ठेव मात्र.”

१२ ऑक्टोबर
रात्रीचा सराव. दिवे बंद, मी धोतर नेसून बाथरूमपर्यंत. टिपरी गोणपाटावरून उठली नाही. डोकं उचललं, ठेवलं.
तरी रात्री ती स्वयंपाकघरात, दाराला आडवी फळी. आबा असेपर्यंत हेच. ती शिकली म्हणून फळी काढायची नाही.

१६ ऑक्टोबर
उद्या. घोंगडीचा नवा तुकडा बांधला. खुर्चीच्या पायांखाली रबर लावलं, सरकू नये म्हणून. अंगणातले सुकत घातलेले कपडे काढून ठेवले, मग पुन्हा घातले. असू देत.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
चारच्या सुमारास आले. टिपरी मागच्या खोलीत. आबांना आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. दादा घरभर फिरून आला. फळी बघितली. गोणपाट बघितलं. गोणपाट कशासाठी, विचारलं. सांगितलं.
“आण आता,” आबा.
दादा उठून आबांच्या खुर्चीपुढे उभा राहिला.
टिपरीला आखूड पट्ट्यावर आणलं. दारातच वास लागला. अंग वळवळायला लागलं, तोंडातून बारीक आवाज. पुढे ओढलं. मी थांबले. ओढ थांबली, आम्ही एक पाऊल पुढे. पुन्हा ओढ, पुन्हा थांबले. गोणपाटापर्यंत पोचायला बराच वेळ गेला. आबांनी एक शब्द उच्चारला नाही. त्यांना शांत राहायला सांगितलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.
टिपरी गोणपाटावर बसली.
मग आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि झटकला.
“आबा!” दादा.
टॉवेल हवेत. टिपरी उभी राहिली. टॉवेलकडे बघितलं.
माझ्याकडे बघितलं.
“शाब्बास,” खालच्या आवाजात. दाणे गोणपाटावर. नाक खाली गेलं.
आबा दादाला म्हणाले, “मुद्दाम झटकला. तुला दिसावं म्हणून. त्या दिवशी बी वाऱ्यानं नव्हतं उडालं. मीच हलवला होता सोगा तिला बघून. रोज हलवायचो.”
दादा खाली बसला. फरशीवरच.

१८ ऑक्टोबर
आबांच्या हातात दोरी दिली. खुर्चीत बसून. “घे,” ते म्हणाले. टिपरी हलली नाही. माझ्याकडे बघत बसली. “घे” माझ्या आवाजातला तिला येतो, आबांच्या नाही. मी म्हटलं, तेव्हा दोरी धरली.
आता आबांचा आवाज शिकवायचा. आधी त्यांनी म्हणायचं, लगेच मी. मग फक्त त्यांनी.

१९ ऑक्टोबर
“सोड” आबांना अवघड जातंय. टिपरीनं ओढलं की तेही ओढतात. दोघांनाही मजा येते.
“आबा, ओढू नका. हात मांडीला टेकवा.”
“म्हंजी मी बी थांबायचं?”
“आधी तुम्ही. मग ती.”
थांबले. टिपरीनं सोडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता लगेच म्हटलं, “घे!”

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
फटाके सातला सुरू. मी पूजेत अडकले. मागच्या खोलीत बघायला गेले तर दादा गोणपाटाशेजारी मांडी घालून. एकेक दाणा लांब लांब टाकत होता. टिपरी हुंगत होती.
“असंच ना?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.
“असंच.”

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ओवाळलं. दादा दुपारी निघाला, आबा महिनाभर राहणार. जाताना पट्ट्याची कडी ओढून बघितली, फळी बघितली. काकूंकडे जाऊन सांगून आला की खोली लागणार नाही.
आबांना उभं राहून काठी फिरवायचीय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, म्हटलं. वाद घातला. मग ठरलं: खुर्ची अंगणात, मातीवर. काठी बसूनच. घोंगडी जमिनीलगत आणि खुर्चीपासून लांब जाणारी, खुर्चीकडे येणारी नाही. दोर माझ्या हातात.
उद्या सकाळी सुरू. वारा नसेल तेव्हा आधी, वाऱ्यात मग.